केसभर वर

दुकानात सगळ्याच गिटारी गोड बोलतात,
शमुवेलकाका म्हणाले.
बघायच्या कार्यक्रमासारखं असतं,
पोहे येतात, आवाज खाली ठेवलेला असतो.
खरं काय ते मांडवात कळतं.

भिशीचे बेचाळीस हजार पर्सच्या आतल्या कप्प्यात
आणि भिंतीवर टांगलेल्या सोळाजणी.
एक इतकी लाल की तिच्याकडे बघवेना
आणि न बघता राहवेना.
जोड कॉइलची, पाट्यासारखी जड.
दुकानदार म्हणाला, ही हात लावेपर्यंत मुकी उभी राहते.
दुसरी फिकट, वापरलेली,
देवळालीच्या कुण्या मुलानं परदेशी जाताना विकलेली.
तिच्या मानेमागे त्याच्या अंगठ्यानं
एक गुळगुळीत वाट पाडून ठेवली होती.
एकेरी कॉइल. वायर जोडली
तर तिच्याआधी तिच्यातली वीजच बोलली:
ऊं

मी सातपूरला ट्रान्सफॉर्मर तपासते.
हा आवाज नापास करायचा मला पगार मिळतो.
सहाव्या तारेची तिसरी पट्टी दाबून बघावी
आणि तिच्या केसभर वर
हा उभा. बारा वर्षं ओळखते त्याला.

फिकट घेतली.
का, ते घरी सांगता आलं नाही.

अ‍ॅम्प शंभर वॅटचा नको, काका म्हणाले,
शंभर वॅट म्हणजे पहिल्या रांगेतल्या आजोबांचा कान
आणि साउंडवाल्याशी जन्माचं वैर.
वीसचा घे, पुढे माइक लावतील.
आणि तुझा तिसरा मजला आठव.
मी अ‍ॅम्प उचलून खाली नेला, अ‍ॅक्टिव्हावर
पाय ठेवायच्या जागेत बसवून पाहिला.
बसला.
आवाज त्यानंतर ऐकला.

ओजसनं सात पेडलांची यादी दिली होती.
काकांनी ती वाचली, चष्मा काढला:
सात पायांनी वाजवणार?
मग तीनच. एक ड्राइव्ह, एक डिले,
आणि ट्यूनर, कारण डिसेंबरात
धरणाकडून वारा सुटला की
तारा आपापल्या मतानं वागतात.

गंगापूर रोडचं लॉन. कुणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस.
दुसऱ्याच गाण्याला लाइट गेली,
पडद्यामागचा जनरेटर खोकत उठला
आणि माझ्या गिटारीतून
ऊं
साउंडवाला तौफिक म्हणाला, ताई, मधमाश्या पाळल्यात का?
अर्थिंगची पिन काढून टाकू?
नाही म्हटलं. चैत्रालीचे ओठ माइकला टेकतात,
मी रोज तपासते त्या गोष्टीची मला भीती वाटते.

मग गोल फिरून पाहिलं.
आइस्क्रीमच्या काउंटरकडे तोंड केलं तर शांत,
लोकांकडे केलं की ऊं.
आडवं उभं राहून वाजवावं?
तसंही केलं अर्धं कडवं,
काका शेवटच्या रांगेत मान तिरपी करून बघत राहिले.

थांबून तिसरी पट्टी दाबली.
केसाचे दोन झाले होते; जनरेटर जोरात पळत होता.
मी ओजसला म्हटलं, तेवढं वर ये.
कीबोर्डवाल्याचं बटण होतंच.
चैत्रालीनं एकदा कान देऊन ऐकलं
आणि तिथूनच गाणं उचललं.
पायाशी ट्यूनर लाल होऊन सांगत होता,
चुकलं, चुकलं,
आणि ते ऊं, ज्याला मी नापास करते,
गाण्याखाली सतरंजीसारखं पसरलं.

मधेच लाइट आली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, लाइटसाठी.
ऊं खाली उतरलं, आपल्या नेहमीच्या जागी,
सातपूरच्या, शरणपूर रोडच्या, सगळ्या घरांच्या जागी.
आम्ही चौघं तिथेच राहिलो,
आख्ख्या नाशिकच्या केसभर वर,
गाणं संपेपर्यंत.